खापरपणजोबा सापडत नाहीत? नागपूर-विदर्भातले पूर्वज शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली दहा-बारा वर्षं मी आमच्या घराण्याचे कागद गोळा करतोय, आणि आता ऑफिसातले, गल्लीतले, लग्नात भेटलेले लोक पण विचारतात की आमचं कसं शोधायचं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. हे सगळं नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या भागाला धरून आहे, वऱ्हाडाचं जिथे वेगळं पडतं तिथे सांगितलंय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण खालचं सगळं त्यावरच उभं आहे. आपण पूर्वजाला आजच्या आडनावाने, आजच्या जिल्ह्यात, आजच्या गावाच्या नावाने शोधतो आणि मग म्हणतो सापडत नाही. तो त्याच्या काळच्या नावाने त्याच्या गावच्या कागदात असतो. म्हणून माणसाच्या मागे थेट लागायच्या आधी गाव पकडा, जमीन पकडा, भाऊबंद पकडा.

सुरुवात कुठून करू? आमच्याकडे पणजोबांचं फक्त नाव आहे.

घरातून. तहसीलमध्ये जायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ दोन-तीन दुपारी निवांत बसा. माझा अनुभव असा की काकांपेक्षा आत्याला जास्त माहीत असतं, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असते आणि माहेरचं सगळं तिने मनात धरून ठेवलेलं असतं. पण तिला "आपली वंशावळ सांग" म्हणाल तर ती म्हणेल मले काय माहीत बाप्पा. त्याऐवजी विचारा, तुमच्या लहानपणी दिवाळीला कोण कोण यायचं, कोणाच्या लग्नाला बैलबंडीने गेले होते, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) कोणाशी भांडण होतं, आणि सुतक कोणाकोणाचं पाळायचे. सुतकाचा प्रश्न तर विचाराच विचारा, कारण ज्या घराचं पूर्ण दहा दिवसांचं सुतक पाळतात ते घर तुमचं भाऊबंद, मग आज ते अमरावतीला असो की रायपूरला, आणि आडनाव जुळो की न जुळो. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात, पितृपक्षात पान टाकतात, तेव्हा कोणाची नावं घेतात तेही लिहून घ्या, त्यात कधी कधी दोन पिढ्या आयत्या मिळून जातात.

मग जुनी पेटी उघडा. मालगुजाराच्या (गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्याच्या) पावत्या, सावकाराच्या चिठ्ठ्या, जुनी रजिस्ट्री, तेरवीची कार्डं, लग्नपत्रिका, काहीच फेकू नका. फोटोची मागची बाजू बघा.

मी उलटं केलं होतं. आधी दोन वर्षं रेकॉर्ड रूमच्या चकरा मारल्या आणि आजीला निवांत विचारू म्हणून ठेवून दिलं. ते विचारायचं राहून गेलं, आणि तिच्या माहेरच्या बाजूचं आजही माझ्याकडे अर्धं पान रिकामं आहे.

पणजोबांचं नाव पक्कं माहीत आहे तरी कुठल्याच रजिस्टरात दिसत नाही, असं काहून?

कारण घरातलं नाव आणि कागदावरचं नाव एक नसतं. सोमवारी जन्मला म्हणून सोमा, बुधवारी म्हणून बुधा, अशी नावं आपल्याकडे सर्रास होती, आणि तोच माणूस मोठेपणी गावात दुसऱ्याच नावाने ओळखला जायचा. शिवाय जुन्या कागदात आडनाव बहुतेक वेळा नसतंच. "अमका वल्द तमका, जात अमुक, साकिन अमुक गाव" एवढीच ओळख. आडनाव शाळेत नाव घालताना पक्कं झालं, आणि त्यातही एका भावाच्या पोरांनी गावावरून लावलं, दुसऱ्याच्या पोरांनी धंद्यावरून, तिसऱ्याचं मास्तरने ऐकू आलं तसं लिहिलं. म्हणून आडनावाने शोधणं सोडा. बाप-लेकाची जोडी शोधा. एक नाव हजार ठिकाणी सापडेल पण तीच जोडी, तीच जात आणि तेच गाव एकत्र आलं की तुम्ही जवळ पोचलात असं समजा.

लिहिण्यातला फरकही धरा. ण आणि न, श आणि स, ऱ्हस्व-दीर्घ, याची काहीच शाश्वती नाही. नावापुढे "जी" किंवा "बा" कधी लागतं कधी गळतं.

जुन्या नकलेत वल्द, जौजे असे शब्द आहेत, त्यांचा अर्थ काय?

मध्य प्रांताच्या (इंग्रजांच्या काळातल्या आपल्या प्रांताच्या) महसुली कागदात फारसी शब्दांचा भरणा आहे, पण पंधरा-वीस शब्द समजले की झालं. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे विधवा, आणि बाईच्या नावाआधी मुसम्मात किंवा नुसतं मु. लिहिलेलं असतं. साकिन म्हणजे राहणार, मौजा म्हणजे महसुली गाव, कौम म्हणजे जात. फौत म्हणजे मयत, आणि हा शब्द दिसला की थांबा, कारण फौत झालेल्याच्या जागी वारसांची नावं चढतात आणि तिथे एका ओळीत अख्खं कुटुंब मिळतं. नाबालिग लिहिलं असेल तर शेजारी पालनकर्त्याचं नाव असतं, बहुतेक वेळा काका किंवा मामा. कुर्सीनामा हा शब्द दिसला तर नशीब, तो म्हणजे वंशावळच.

जमिनीच्या हक्काचे शब्द वेगळे. सीर आणि खुदकाश्त म्हणजे मालगुजाराची स्वतःची वहीत, मालिक मकबूजा म्हणजे आपल्या तुकड्याचा मालक, मौरूसी म्हणजे वहिवाटीचा पक्का हक्क असलेलं कूळ. हे नुसते शब्द समजू नका. मौरूसी हक्क वारशाने चालायचा, त्यामुळे तुमच्या पूर्वजापुढे तो शब्द असेल तर त्याच्या बापाचं नाव त्याच गावच्या आधीच्या बंदोबस्तात (म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला त्या कागदात) असण्याची शक्यता चांगली असते.

कोतवाल बुक, कोतवाल बुक म्हणतात ते नेमकं काय?

गावचा कोतवाल गावात जन्मलेल्या आणि मेलेल्या माणसांची खबर द्यायचा, त्याची वही म्हणजे कोतवाल बुक. आता ही रजिस्टरं बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, तिथे अर्ज करून नक्कल मिळते. नागपूर शहरातली जुनी नोंद असेल तर ती नगरपालिकेकडची, म्हणजे आता महापालिकेकडे विचारायची. शहराची नगरपालिका १८६४ ची आहे.

इथे नव्वद टक्के लोक एक चूक करतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव शोधतात. अहो, बाळाचं नाव बहुतेक नसतंच! बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते, त्यामुळे तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच असतं. म्हणून बापाच्या नावाने शोधा, आणि सापडलेली एक नोंद काढून घरी जाऊ नका, त्याच बापाच्या पुढच्या-मागच्या दहा-पंधरा वर्षांतल्या सगळ्या नोंदी लिहून घ्या. म्हणजे भावंडांचा क्रम लागतो, मग घरातल्या गोष्टींशी ताळा करा की थोरला कोण, लहानपणी गेलेली पोरगी कोणती.

मृत्यूच्या नोंदीही तितक्याच मोलाच्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला देशातला सगळ्यात मोठ्या फटक्यांपैकी एक बसला. आमच्या गावच्या १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदी मी वाचल्या तेव्हा एकाच घरातली तीन माणसं आठवड्याभरात गेलेली दिसली, आणि तेव्हा कळलं की आमचे आजोबा मामाकडे का वाढले, घरात कोणी कधी बोललंच नव्हतं त्यावर. तुमच्या घराण्यात एखादी फांदी अचानक तुटत असेल तर ही वर्षं आधी बघा.

शाळेचा दाखला किती कामाचा?

दाखल्यापेक्षा मूळ दाखल-खारीज रजिस्टर कामाचं. दाखल्यावर एकाच पोराची माहिती येते, रजिस्टरात त्याच पानावर चुलत भाऊ, गाववाले सगळे सापडतात. पालकाच्या रकान्यात बापाऐवजी आजा किंवा मामा असेल तर का आहे ते शोधा. १ जुलै किंवा १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती मास्तरने अंदाजाने टाकली असं समजा, त्यावर हिशेब उभारू नका. आणि शाळेचं नाव "जनपद सभा" असं आलं तर गोंधळू नका, आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या होत्या आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर त्या गेल्या, शाळा तीच.

जमीन आता आमच्याकडे नाही, तरी जमिनीचे कागद बघायचे का?

बघायचेच. मला विचाराल तर विदर्भातला सगळ्यात पक्का धागा हाच आहे. माणूस नाव बदलतो, गाव सोडतो, पण शेताचा खसरा नंबर कुठे जात नाही, आणि नंबर बदलला तरी जुना-नवा ताळा करता येतो.

आपल्याकडे म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (चंद्रपूर) भागात मालगुजारी होती. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारस नसताना वारले, १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि १८६० च्या दशकात पहिला मोठा बंदोबस्त झाला, त्यात मालगुजारांना गावाची मालकी लिहून दिली. पुढे १८९० च्या दशकात आणि मग १९१० च्या दशकात पुन्हा बंदोबस्त झाले. या प्रत्येक वेळी गावागावाची मिसल, म्हणजे कागदांची फाईल, तयार झाली, तिलाच आपण मिसल बंदोबस्त म्हणतो. त्यात खसरा म्हणजे शेतवार यादी, जमाबंदी म्हणजे खातेवार यादी, आणि वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रूढी-रिवाजांची नोंद. ही मिसल जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मागायची. मालगुजारी १९५१ च्या ३१ मार्चला संपली, त्यानंतर १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (कोणत्या जमिनीवर कोणाचा हक्क त्याची नोंद) तयार झाला, आणि तो बहुतेक गावांचा मिळतो, वाचायलाही सोपा. आजचा सातबारा आपल्याकडे त्याच्याही नंतरचा, त्यामुळे पुण्याकडचे नातेवाईक "शंभर वर्षांचे सातबारे काढा" म्हणतात ते आपल्याला लागू पडत नाही.

काम असं करायचं: आजच्या किंवा शेवटच्या माहीत असलेल्या शेताचा नंबर घ्या, अधिकार अभिलेखात जुना खसरा नंबर बघा, मग १९१० च्या दशकातल्या मिसलीत तो नंबर कोणाच्या नावे ते बघा, मग त्याच्याही मागची मिसल. दर टप्प्याला तीसेक वर्षं मागे जाता. आणि फक्त आपल्या शेताची ओळ काढू नका, लागून असलेल्या शेतांचीही काढा, कारण भावांची वाटणी झाली की शेतं लागूनच असतात. आमच्या पणजोबांचे दोन भाऊ मला असेच सापडले, धुऱ्याला धुरा लागून, दोघांचा वल्द एकच.

भूमिहीन घराणं असेल तर? तरी मिसलीत घरं, बलुती, गावकामगारांच्या नोंदी येतात. कोतवालकीची सेवा जमीन असेल तर तिचीही. आणि कोर्टाचे कागद विसरू नका, वाटणीचा एखादा जुना दावा सापडला तर त्यात वंशावळ जोडलेलीच असते, कारण तिच्याशिवाय दावा चालत नाही.

आजोबांच्या १९५२ च्या सर्टिफिकेटवर मध्य प्रदेश लिहिलंय, आम्ही तर नागपूरचेच. चूक आहे का?

चूक नाही, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. हा क्रम पाठ करून ठेवा, खूप वेळ वाचतो. १८५४ पर्यंत भोसल्यांचं राज्य, १८६१ पासून मध्य प्रांत, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. वऱ्हाडाचं वेगळं, तो निजामाचा मुलूख, १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. म्हणून अमरावती-अकोल्याकडे मालगुजारी नव्हती, रयतवारी होती, आणि तिकडचे कागद दिसायलाच वेगळे असतात, तिकडे जाऊन मिसल मागितली तर बाबू तुमच्याकडे बघत राहील.

जिल्हेही फुटले. वर्धा १८६२ मध्ये नागपुरातून निघाला, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. जुनं एलिचपूर म्हणजे अचलपूर, वणी जिल्हा म्हणजे आजचा यवतमाळ, चांदा म्हणजे चंद्रपूर. आणि सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बालाघाट या भागातली मराठी घरं आपलीच, फक्त त्यांचे कागद आता हिंदीत आणि मध्य प्रदेशच्या जिल्हा कचेऱ्यांत आहेत. भंडाऱ्याची फांदी सापडत नसेल तर एकदा बालाघाटला जाऊन या, खरंच.

गावच नकाशावर सापडत नाही, काय करू?

दोन-तीन कारणं असतात. एक म्हणजे गाव रिठी झालं, म्हणजे वस्ती उठली पण महसुली गाव कायम राहिलं. आपल्याकडे अशी कितीतरी गावं आहेत, कागदावर नावापुढे रिठी लिहिलेलं दिसेल. लोक शेजारच्या गावात राहायला गेले आणि दोन पिढ्यांनी तेच आपलं मूळ गाव सांगायला लागले. दुसरं कारण धरण. पेंच प्रकल्पात, गोसीखुर्दमध्ये गावं उठली, तिथे पुनर्वसनाच्या फायलींत घरटी कुटुंबांच्या याद्या आहेत. तिसरं, एकाच नावाची गावं. एकाच तालुक्यात तीन-तीन असतात, म्हणून गावाबरोबर पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडची गावं) नंबर आणि मौजा नंबर दोन्ही लिहून ठेवायची सवय लावा.

मोडी शिकावीच लागते का?

मिसलीसाठी दर वेळी नाही, पण भोसलेकालीन कागद किंवा घरातल्या जुन्या चिठ्ठ्या असतील तर हो. शिका, अवघड वाटते तेवढी नाही. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला डोळे फिरतात, पण आकडे, महिने आणि नेहमीचे शब्द ओळखू यायला लागले की बाकी अंदाजाने लागतं. राज्याच्या पुराभिलेख खात्याचं नागपुरात कार्यालय आहे, तिथे जुन्या प्रशासनाचे कागद बघता येतात आणि मोडीच्या वर्गांचीही चौकशी करता येते. घरचा कागद वाचायला दिला तर मूळ देऊ नका, फोटो द्या.

कागदावर साल १२७० आहे, हे कसं?

फसली साल असेल. त्यात साधारण ५९० ते ५९३ मिळवा, कुठल्या भागाची फसली त्यावर फरक पडतो, म्हणजे १२७० हे १८६० ते १८६३ च्या मधलं. शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. मराठेशाहीच्या कागदात सुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६००, आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो, "मयातैन व अलफ" म्हणजे बाराशे. एक-दोन वर्षांचा फरक पडला तर हताश होऊ नका.

जनगणनेत नाव मिळेल का?

नाही. आकडे छापले जातात, माणसांची नावं लोकांना बघायला मिळत नाहीत. अपवाद १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, ती त्या जनगणनेवरून बनवली होती आणि काही गावांची अजून शाबूत आहे. तिच्यात घरातली सगळी माणसं नात्यासकट असतात. तहसीलमध्ये नाव घेऊन विचारा.

तीर्थक्षेत्रातल्या पंड्यांच्या वह्या, भाटांच्या पोथ्या, यावर विश्वास ठेवायचा?

ठेवायचा, पण तपासून. प्रयाग, काशी, गया, त्र्यंबक, नाशिक इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. त्या गाव आणि जातीवरून लावलेल्या असतात, म्हणून तिथे गेलात की आडनाव नंतर सांगा, आधी जुना जिल्हा, जुनं गाव, जात सांगा. "नागपूर" म्हणालात तर शहराचा पंडा मिळेल, तुमच्या गावचा वेगळा असू शकतो. आपले लोक अस्थी घेऊन प्रयागला जायचे, तेव्हा कोण कोण सोबत होतं ते त्या नोंदीत येतं, काही ठिकाणी सहीसुद्धा. हरिद्वारच्या वह्यांची मायक्रोफिल्म फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संस्थेने केली आहे. पण आपल्या लोकांचं जाणं प्रयाग-काशी-गयेकडे जास्त होतं, त्यामुळे तिथे स्वतः जाणंच बरं.

भंडारा-गोंदियाकडच्या पोवारांचे भाट पोथी ठेवतात. गोंडांचे परधान किंगरी वाजवून सगा (सोयरीक ठरवणारे कुळगट) आणि देवांची परंपरा गातात, सहा देवे की सात देवे यावर कोणाशी सोयरीक होते हे ठरतं, त्यामुळे गोंड घराण्याच्या शोधात महसुली कागदाइतकीच ती माहिती महत्त्वाची आहे. ज्या घरात कागद कमी त्या घरात तोंडी परंपरा मोठी असते, तिला कमी लेखू नका. फक्त खूप मागच्या पिढ्या राजघराण्याला नेऊन जोडलेल्या असतील तर तेवढा भाग वेगळ्या पानावर लिहा. अलीकडच्या चार-पाच पिढ्या मात्र बऱ्याचदा बरोबर निघतात.

आजी-पणजीचं माहेर कसं शोधायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि सगळ्यात जास्त मन लागतं तेही यातच. कागदावर बाई जौजे म्हणून येते, म्हणजे नवऱ्याच्या नावाने. लग्नात नावही बदललेलं. पण नवरा वारला की ती बेवा म्हणून स्वतःच्या नावाने खातेदार होते, तिथून धरा. मुलं नाबालिग असतील तर मामाचं नाव कुठे ना कुठे येतं, आणि मामा सापडला म्हणजे माहेर सापडलं. शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून मामा, लग्नपत्रिकेत मामाकडची नावं, साक्षीदार म्हणून रजिस्ट्रीवर सही करणारा "शेजारच्या गावचा" माणूस, हे सगळं जोडा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून थोरल्या मुलाच्या जन्माची नोंद सासरच्या कोतवाल बुकात नसेल तर ती माहेरच्या गावात बघा. ही एक गोष्ट मला फार उशिरा सुचली.

१९५६ नंतर आमच्या घरात आडनाव बदललं, त्याच्या मागे कसं जायचं?

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाल्यावर अनेक कुटुंबांनी आडनावं बदलली किंवा पहिल्यांदा लावली. इथे शाळेचं रजिस्टर पूल आहे, कारण एकाच पोराची पहिलीतली नोंद जुन्या नावाने आणि पुढच्या शाळेतली नव्या नावाने असते. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर उत्तम. त्यामागे कोतवाल बुक आणि मिसल. मध्य प्रांतात कोतवालकी बऱ्याच गावांत महारांकडे होती, त्यामुळे ती वहीच कधी कधी तुमच्या खापरपणजोबांची असते. जातीचे रकाने आणि त्यातली भाषा वाचताना त्रास होतो, होणारच. तरी नक्कल जशी आहे तशीच घ्या.

आमचे पूर्वज कामठीचे, तमिळ-तेलुगू बोलायचे म्हणतात. खरं असेल?

अगदी खरं असू शकतं. कामठी छावणी १८२१ ची आणि तिथलं सैन्य मद्रास इलाख्याचं, सैन्यासोबत कुटुंबं आली आणि राहिली. ख्रिस्ती घराणं असेल तर कामठीचे बाप्तिस्मा, लग्न, दफन यांचे तपशील मद्रासच्या चर्च-नोंदींत बघा, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्यांच्या प्रती आहेत. कॅथलिक घरांनी आपल्या जुन्या पॅरिशमध्ये नम्रपणे विचारावं, लॅटिन नावांमुळे दचकू नये. मोमीन विणकर घरांचं मूळ बहुतेक उत्तरेत निघतं.

पणजोबांचा भाऊ "बोटीने गेला" एवढंच माहीत आहे.

मग गिरमिटाचा, म्हणजे करारावर परदेशी मजुरीला गेलेल्यांचा, धागा धरा. मॉरिशसला १८३४ पासून, सुरीनामला १८७३ ते १९१६, फिजीला १८७९ ते १९१६ मजूर नेले. बहुतेकांच्या पासवर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव असायचं, आपल्या इथल्या कागदापेक्षा जास्त माहिती. सुरीनामची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवली आहे, मॉरिशसचे कागद मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. पण सावध, तिकडे "नागपूर" दिसलं की ते आपलंच असं नाही. छोटा नागपूर म्हणजे आजचा झारखंड, तिथले खूप लोक गेले. ठाण्याचं आणि गावाचं नाव जुळल्याशिवाय आनंद करू नका. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने सहा महिने रांचीकडच्या माणसाला आपला समजून पत्रव्यवहार केला होता.

एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं निघाली, आता?

दोघांचीही वेगवेगळी पानं करा. प्रत्येकाचं शेत, बाप, बायको, मुलं, मृत्यूची तारीख. जो १९१८ मध्ये फौत झाला तो १९२५ मध्ये रजिस्ट्री करू शकत नाही, अशी एकेक गोष्ट जुळवत गेलं की दोघं वेगळे होतात. होत नसतील तर पेन्सिलने लिहा आणि प्रश्नचिन्ह ठेवा. घाईत जोडलेलं एक चुकीचं नाव पुढच्या चार पिढ्या बिघडवतं आणि नंतर नातेवाईक तेच व्हॉट्सअॅपवर फिरवतात, मग काढता येत नाही.

ऑनलाइन किती मिळतं?

राज्याच्या आपले अभिलेख पोर्टलवर काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले महसुली कागद आहेत, तालुका आणि गाव निवडून बघा. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी जुनी रजिस्टरं तपासली गेली तेव्हा कुणबी नोंदी असलेली पानं अनेक जिल्ह्यांनी आपल्या संकेतस्थळावर टाकली, त्या पानांवर इतर गाववालेही असतात. डीएनए टेस्टने खापरपणजोबांचं नाव कळत नाही, त्या पैशात चार गावं फिरून होतील.

जात पडताळणीसाठी हेच कागद चालतात का?

चालतात, आणि खरं तर बरेच लोक व्हॅलिडिटीच्या निमित्तानेच पहिल्यांदा वंशावळ काढतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे बघतात. तुमच्या चुलत घरात कोणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर ती फाईल आधी मागा, तिच्यात शपथपत्रावरची वंशावळ आणि जुन्या नकला एका ठिकाणी मिळतात. आणि हात जोडून सांगतो, नोंदीत कोणाला पैसे देऊन अक्षर वाढवून घेऊ नका. दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतं, आणि केस तर जातेच पण ते पान सगळ्या गावासाठी खराब होतं.

ऑफिसमध्ये "रेकॉर्ड नाही" म्हणतात, मग?

तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, गाव, मौजा नंबर, साल, रजिस्टरचं नेमकं नाव लिहा, आणि पोच घ्या. माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो, रेकॉर्ड नाही तर नाही असं लेखी मिळतं आणि तेही पुढे कामी येतं. मला एका कार्यालयात तीनदा "वाळवीने खाल्लं" सांगितलं होतं, चौथ्यांदा गावाचं जुनं तालुक्याचं नाव लिहून अर्ज दिला तर तेच रजिस्टर दुसऱ्या तालुक्याच्या गठ्ठ्यात निघालं. तिथल्या लोकांशी नीट बोला, एकटा माणूस हजारो गठ्ठे सांभाळतो. पानं थुंकी लावून उलटू नका.

किती पिढ्या मागे जाता येतं?

साधारण घराण्यात १८६० च्या दशकातल्या मिसलीपर्यंत, म्हणजे आजच्या तरुणापासून पाच-सहा पिढ्या. मालगुजार, देशमुख, भोसल्यांच्या चाकरीतली घरं त्याच्याही मागे जातात. आमचा धागा सध्या अशाच एका मिसलीत थांबलाय, एक नाव आणि त्यापुढे वल्द, आणि वल्दच्या पुढचं अक्षर शाई सांडल्यामुळे अर्धंच दिसतं. पहिलं अक्षर "म" आहे एवढं नक्की. ते गाव आता रिठी आहे, पण शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी सांगितलंय की जुन्या वस्तीच्या जागी अजून एक देवठाणा आहे आणि अक्षय तृतीयेला दोन-चार घरं तिथे येतात. येत्या अक्षय तृतीयेला मी तिथे जाणार आहे.